धुऱ्यावरचा ताप : स्क्रब टायफसची जुनी गोष्ट

पोळा होतो, धुऱ्यावरचं गवत कमरेएवढं वाढतं, आणि आमच्या ओपीडीत एक ठरावीक ताप यायला लागतो. पाच-सहा दिवसांचा ताप, ठणकणारं डोकं, मोडून आलेलं अंग, लालसर डोळे. तोवर कुठंतरी ‘टायफॉइड निघाला’ म्हणून तीन दिवस सलाईन-इंजेक्शनं झालेली असतात. प्लेटलेट कमी आल्या म्हणून कुणी डेंगूही म्हणालेलं असतं. ताप मात्र होता तिथंच.

अशा रुग्णाला मी दोन प्रश्न विचारतो. गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठं कुठं गेला होतात? आणि अंगावर कुठं न दुखणारी काळी खपली आहे का? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. ती दुखत नाही, खाजत नाही, शिवाय असते अशा जागी की कुणी पाहत नाही. काखेत, जांघेत, लुगड्याच्या गाठीखाली, छातीखालच्या घडीत, कानामागे. मी शोधतो तेव्हा काही जणांना ती सापडते. विडीचा चटका बसावा तशी, मध्ये काळी आणि कडेनं लाल.

हा स्क्रब टायफस. नाव ऐकून गोंधळ होतो म्हणून आधीच सांगतो, टायफस आणि टायफॉइड हे दोन वेगळे आजार आहेत. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो, हा एका बारीक किड्याच्या चाव्यातून. निदान सांगितलं की नातेवाईकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टरसाहेब, हे नवीनच निंगालं का जी?”

नवीन नाही. फार जुनं आहे, आणि मुळात माणसाचं नाहीच. रानातल्या एका किड्याचा आणि उंदरांचा हा आपसातला व्यवहार आहे, माणूस त्यात चुकून पाय घालतो. हे समजायला डॉक्टरांना किती वर्षं लागली आणि समजल्यावर आपण ते कसं विसरलो, ते आज सांगतो.

चीनमध्ये चौथ्या शतकात गे होंग नावाच्या वैद्यानं नदीकाठच्या वाळूतल्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या लाल किड्यांबद्दल आणि त्यांच्यामुळे येणाऱ्या तापाबद्दल लिहून ठेवलं आहे. जपानमध्ये आकिता, यामागाता आणि निइगाता या भागांत नद्यांना उन्हाळी पूर यायचा, पूर ओसरला की गाळाच्या सुपीक जमिनीवर शेतकरी कामाला जायचे, आणि त्यातले काही तापानं फणफणत परतायचे. दहातले तीन-चार दगावायचे. लोकांना ठाऊक होतं की हे किड्याचं काम आहे. आजाराला त्यांनी नाव दिलं त्सुत्सुगामुशी, म्हणजे पीडा देणारा किडा. काही गावांत या किड्याच्या नावानं लहान देवळंही उभी राहिली. आपल्या शिवेवरच्या मरीमायीची आठवण यावी असाच प्रकार. १८७९ मध्ये अर्विन बेल्झ या जपानात काम करणाऱ्या जर्मन डॉक्टरनं कावाकामी या सहकाऱ्यासोबत हा आजार युरोपीय वैद्यकापुढे मांडला आणि त्याला नदीचा किंवा पुराचा ताप म्हटलं. किड्याची गोष्ट गावकऱ्यांना शेकडो वर्षं माहीत होती. डॉक्टरांना ती पटायला आणखी वेळ लागला. आमच्या व्यवसायात हे नेहमीचं आहे.

आता हा किडा कोण ते पाहू, कारण सगळी मेख तिथं आहे.

त्याला माइट म्हणतात. गोचिडाच्या जातकुळीतला, पण गोचिडापेक्षा कितीतरी लहान. त्याच्या अळीला चिगर म्हणतात, आणि ती एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी असते, रंगानं केशरी-लाल. हा किडा आयुष्यात एकदाच, अळी असताना, प्राण्याच्या अंगावर चढतो. गवताच्या पात्यावर किंवा पाचोळ्यावर अळ्या गोळा होऊन बसतात. शेजारून उंदीर, घूस, चिचुंद्री गेली की तिच्यावर चढतात. बरेचदा कानाच्या आत जमतात. ती रक्त पीत नाही, कातडीत बारीक नळी तयार करून तिथला पातळ द्रव शोषते, दोन-चार दिवसांत पोट भरलं की जमिनीवर पडते. त्यानंतर उरलेला जन्म मातीत, इतर कीटकांची अंडी खाऊन. मोठा झालेला माइट कुणालाही चावत नाही.

मग एक कोडं उभं राहतं. डास एका रुग्णाला चावतो, मग दुसऱ्याला, आणि मलेरिया पसरतो. हा किडा तर जन्मात एकदाच चावतो. मग जंतू त्याच्यात येतो कुठून?

आईकडून. मादीच्या अंगातला जंतू तिच्या अंड्यांत उतरतो, अंड्यातून अळीत, आणि अशी पिढ्यान्‌पिढ्या बाधा चालू राहते. म्हणजे जंतूचं खरं घर उंदीर नाही, माइटच आहे. उंदीर ही त्याची खानावळ. उंदीर-घुशी जास्त तर अळ्यांना जेवण जास्त, आणि माइटची वस्ती वाढती. अळीला उंदीर मिळाला नाही आणि तिथं तुमचा उघडा पाय आला, तर ती तुमच्यावर चढते. त्या अळीच्या दृष्टीनं तुम्ही एक मोठा, अडनिडा उंदीर असता. माणसाकडून जंतू पुढे कुठंच जात नाही. म्हणून हा आजार एका माणसाचा दुसऱ्याला लागत नाही, रुग्णाचं ताट-भांडं वेगळं ठेवायची काही गरज नाही.

‘स्क्रब’ हा शब्द मलायातला. इंग्रजीत स्क्रब म्हणजे झुडपी रान. १९२० च्या दशकात क्वालालंपूरला विल्यम फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की तिथं दोन तऱ्हेचे टायफस आहेत, एक शहरातल्या दुकानदारांना होणारा आणि एक मळ्यांवरच्या मजुरांना होणारा. त्या काळी निदानाची एकच सोपी चाचणी होती, वाइल-फेलिक्स. रुग्णाच्या रक्तातला पातळ द्रव प्रोटियस नावाच्या भलत्याच जंतूत मिसळायचा आणि गुठळ्या होतात का पाहायचं. शहरी रुग्णांत गुठळ्या होत, मजुरांत होत नसत. मग किंग्जबरी नावाच्या डॉक्टरांनी लंडनहून प्रोटियसचा एक वाण आणला. तो मूळ वाणासारखाच असायला हवा होता, पण निघाला वेगळा, आणि नेमका तोच मजुरांच्या रक्तात गुठळ्या करू लागला. त्या वाणाच्या नावातला ‘के’ म्हणजे किंग्जबरी. तुमच्या रिपोर्टवर कधी ‘ओएक्स-के’ असं लिहिलेलं दिसलं तर तो हा, शंभर वर्षांपूर्वी चुकून हाती लागलेला. चाचणी फारशी भरवशाची नाही, पण आजही काही प्रयोगशाळांत होते. १९३० मध्ये नागायो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी खऱ्या जंतूचं वर्णन केलं. आज त्याला ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी म्हणतात.

हे सगळं मूठभर तज्ज्ञांपुरतं राहिलं असतं. दुसऱ्या महायुद्धात मात्र हजारो सैनिक आसाम-मणिपूर-ब्रह्मदेशाच्या रानात उतरले. १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांना अडवणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटणही होती. त्या आघाडीवर गोळीनं जेवढं नुकसान केलं त्यापेक्षा जास्त आजारांनी केलं. मलेरिया होता, हगवण होती, आणि हा ताप होता. मलेरियाला औषध होतं. याला काहीच नव्हतं. शुश्रूषा करायची, पाणी पाजायचं आणि वाट पाहायची. कपड्यांना डायब्युटाइल थॅलेट नावाचं रसायन चोळून अळ्या दूर ठेवायची युक्ती तेवढी सापडली, आणि तिनं बऱ्याच जणांना वाचवलं.

लशीचेही प्रयत्न झाले. मेलबर्नला डोरा लश नावाची जीवाणुशास्त्रज्ञ त्यावर काम करत होती. १९४३ मध्ये उंदराला इंजेक्शन देताना सुई तिच्या बोटात घुसली. काही आठवड्यांत ती त्याच तापानं गेली. वय बत्तीस. ब्रिटननं युद्धाच्या शेवटी कॉटन रॅट नावाच्या उंदरांच्या फुप्फुसांपासून लस बनवली, तिचा उपयोग झाला नाही. आजही या आजारावर लस नाही. जंतूच्या जाती इतक्या आहेत की एका जातीविरुद्ध आलेली ताकद दुसरीविरुद्ध फार टिकत नाही. म्हणून हा आजार एकदा झालेल्याला पुन्हाही होऊ शकतो.

त्या युद्धातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट औषधाची नाही, जागेची आहे. इम्फाळला या तापावर संशोधनासाठी एक प्रयोगशाळा उघडली होती. तिथं राल्फ ऑडी नावाचे लष्करी डॉक्टर उंदीर पकडून त्यांच्या कानातले माइट मोजत बसत. त्यांना आणि इतरांना दिसलं की एकाच टेकडीवर एका तुकडीत रुग्णांची रांग लागते आणि शंभर पावलांवरची तुकडी ठणठणीत राहते. किडा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. त्याची बेटं असतात, काही तर एखाद्या खोलीएवढी. आणि ती बेटं जुन्या, दाट जंगलापेक्षा जास्त सापडतात ती माणसानं साफ करून सोडून दिलेल्या जमिनीवर, पडीक वावरात, ओसाड गावठाणात, मळ्याच्या कडेला. जंगल तोडलं की उंच गवत आणि झुडपं माजतात, त्यात उंदीर वाढतात, उंदरांमागे माइट. ऑडी यांनी पुढे मलायात हेच काम चालू ठेवलं आणि १९६८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १९७४ मध्ये ट्रॉब आणि विसमन या दोघांनी सगळ्याचं सार मांडलं : जंतू, माइट, उंदीर आणि मोडून पुन्हा वाढू लागलेलं रान, या चार गोष्टी जिथं एकत्र येतील तिथं हा ताप असणार. चौथी गोष्ट आपण माणसं तयार करतो.

औषधाची गोष्ट थोडक्यात. १९४८ मध्ये जोसेफ स्मॅडेल यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी डॉक्टरांची तुकडी क्लोरॅम्फेनिकॉल हे नवं औषध घेऊन क्वालालंपूरला गेली. मरणाच्या दारातले रुग्ण दोन दिवसांत ताप उतरून उठून बसले. स्क्रब टायफस समजून औषध दिलेल्यांत काही जण मुळात टायफॉइडचे निघाले, तेही बरे झाले, आणि टायफॉइडवरचं पहिलं खात्रीचं औषध असं योगायोगानं सापडलं. दोन आजारांचा गोंधळ निदान एकदा तरी रुग्णांच्या फायद्याचा ठरला. पुढे टेट्रासायक्लिन आणि मग डॉक्सिसायक्लिन आलं.

आणि मग आपण हा आजार विसरलो. मी एमबीबीएसला असताना तो पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरता होता. पूर्वेकडचा, युद्धकाळातला, परीक्षेत दोन मार्कांना येणारा. वर्ध्यात तो भेटेल असं माझ्या तरी मनात आलं नाही. तो गेला होता का? मला नाही वाटत. माझा अंदाज असा की साठ ते ऐंशीच्या दशकात गावोगावचे डॉक्टर कुठल्याही लांबलेल्या तापाला टेट्रासायक्लिन नाहीतर क्लोरॅम्फेनिकॉल द्यायचे. त्यात हा रुग्ण निदान न होताच बरा व्हायचा. नंतर नवी, महाग इंजेक्शनं आली. ती टायफॉइडला, न्यूमोनियाला चांगली आहेत. पण हा जंतू आपल्या पेशींच्या आत शिरून बसतो, आणि पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोनच्या घराण्यातली औषधं त्याचं काही वाकडं करू शकत नाहीत. म्हणजे उपचार भारी झाला आणि या एका तापापुरता निकामी झाला.

पुढच्या काळात हिमाचल, तमिळनाडूकडून बातम्या यायला लागल्या. गोरखपूरला दर पावसाळ्यात मेंदूज्वरानं मुलं दगावत होती. जपानी मेंदूज्वराची लस दिल्यावरही ते थांबेना. गेल्या दशकात नीट तपासण्या झाल्या तेव्हा त्यातल्या मोठ्या वाट्यामागे स्क्रब टायफस निघाला. इतकी वर्षं स्वस्तातलं औषध हाताशी असताना.

आपल्याकडे डोळे उघडले २०१८ च्या पावसाळ्यात. नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून रुग्ण यायला लागले, मृत्यू झाले, वर्तमानपत्रांत नाव छापून आलं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी वर्धा जिल्ह्यात या आजाराचा मागोवा घेतला आहे, आणि तो इथल्या शहरी भागातही असल्याचं त्यांनी नोंदवलं आहे. पुष्कळांना याचं आश्चर्य वाटलं. ऑडींची बेटं आठवली तर वाटू नये. वर्ध्याच्या चारही बाजूंना पाहा. शेतं मोडून लेआउट पडलेत, प्लॉट विकले गेलेत आणि घरं झालेली नाहीत. पावसाळ्यात तिथं गाजरगवत आणि तरोटा माणसाच्या उंचीचा होतो, कडेला कचरा, त्यावर उंदीर-घुशी. मोडून पुन्हा वाढू लागलेलं रान म्हणजे आणखी काय? लोक मला विचारतात, बोरच्या जंगलात फिरायला जावं की नाही. जा खुशाल. मला काळजी घराशेजारच्या त्या मोकळ्या प्लॉटची वाटते, जिथं तुमची मुलं चेंडू शोधायला शिरतात.

२०१८ च्या बऱ्याच आधीची एक रुग्ण माझ्या डोक्यातून जात नाही. सेलू तालुक्यातली, चाळिशीच्या आतली, निंदणाला रोजानं जाणारी. आठवडाभराचा ताप घेऊन आली. मी विडाल केली, ती थोडी पॉझिटिव्ह आली, आणि टायफॉइड समजून इंजेक्शनं सुरू केली. विडाल ही चाचणी आपल्याकडे कुणाचीही थोडी पॉझिटिव्ह येऊ शकते हे मला ठाऊक होतं. तरी केली. तिसऱ्या दिवशी तिला दम लागला, लघवी कमी झाली. मोठ्या रुग्णालयात पाठवलं, दोन दिवसांनी ती गेली. स्क्रब टायफसची तपासणी कुणी केली नाही, त्यामुळे तोच होता असं मी म्हणू शकत नाही. पण महिन्याभरानं तिची नणंद स्वतःच्या दुखण्यासाठी आली होती. बोलता बोलता म्हणाली, आजारपणात वहिनीला आंघोळ घालताना काखेत एक काळी खपली दिसली होती, काही लागलं असेल असं वाटलं. मी ती काख पाहिली नव्हती. बाई रुग्ण, भरलेली ओपीडी, कोण कपडे बाजूला करायला सांगणार. आता नर्सला सोबत घेऊन मी पाहतो, आणि कुणी संकोच केला तर का पाहायचं ते समजावून सांगतो.

उपचार न झालेल्यांत या तापानं साधारण शंभरातले सहा जण दगावतात असा जगभरच्या अभ्यासांचा मध्यम आकडा आहे, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त. वेळेवर औषध मिळालं तर तो एक-दोनवर येतो. औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन, सात दिवसांचा कोर्स, टायफॉइडच्या एका इंजेक्शनापेक्षा स्वस्त. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. इतका ठरावीक, की नाही उतरला तर आम्ही निदानाचाच फेरविचार करतो. एलायझाची चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून शंका पक्की असेल तर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करावं लागतं, आणि डॉक्टरनं तसं केलं तर ‘रिपोर्टात नाही आणि औषध का देता’ म्हणून रागावू नका. सगळ्यांना खपली असतेच असंही नाही. ती नाही म्हणून आजार नाही, असं समजू नये. दम लागणं, गुंगी, काविळीसारखे डोळे, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर घरी एक रात्रही थांबू नका.

शेतातली खबरदारी तुम्हाला जमेल तेवढीच सांगतो. गवत कापून आल्यावर साबण लावून अंग घासून आंघोळ करा आणि ते कपडे गरम पाण्यात धुवा. अळी चढल्या चढल्या चावत नाही, आधी मऊ जागा शोधत फिरते, तेवढा वेळ तुमच्या हातात असतो. सोयाबीनच्या सोंगणीत दुपारी धुऱ्यावर आडवं होताना खाली ताडपत्री घ्या, काढलेले कपडे गवतावर टाकू नका. घराभोवतीचं गवत आधी कापा, उंदरांचं औषध नंतर. उलटं केलंत तर खानावळ बंद पडलेल्या उपाशी अळ्या तिथंच राहतात आणि तुमची वाट पाहतात.

आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत घरात कुणाला पाच दिवसांवर ताप असेल तर आंघोळ घालताना, कपडे बदलताना काखा, जांघा, कमरेची घडी, कानामागे, पाठीचा खालचा भाग उजेडात नीट पाहा. म्हाताऱ्या माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, लहान मूल सांगू शकत नाही. खपली दिसली तर ती खरवडू नका, तिच्यावर हळद किंवा मलम लावू नका. मोबाइलवर फोटो काढा आणि डॉक्टरांना आधी तो दाखवा, जुने रिपोर्ट नंतर.